लाकडी माऊस

मास्तरांचा टायपिंग क्लास जोरात होता तेव्हा खालून जाणाऱ्याला वाटायचं, वर पत्र्यावर गारा पडताहेत. खोलीभर मशीनं, प्रत्येक मशीनच्या कळांवर काळ्या कापडाचा पडदा आणि पडद्याखाली चाचपडणारी बोटं. हाताकडे बघायचं नाही, हा मास्तरांचा पहिला नियम. मनगट वर, हा दुसरा. तिसरा नियम नव्हताच. हे दोन पाळले की माणूस आयुष्यात कुठेही अडत नाही, असं मास्तरांचं प्रामाणिक मत होतं, आणि ते मत ते कुणी न विचारताही देत.

मग हळूहळू लोक टायपिंग शिकायचे बंद झाले. मशीनं धूळ खात पडली. मागच्या गल्लीत काचेच्या दाराचा कॉम्प्युटर क्लास निघाला. तिथे कालची पोरं खुर्चीत रेलून शिकवतात, मनगट कशाशी खातात ते त्यांना ठाऊक नाही, असं मास्तर चारचौघांत सांगत सुटले. सांगून झालं, पण क्लासच्या जिन्यावर कुणाची चप्पल वाजेना. शेवटी मास्तरांनी एक कॉम्प्युटर घेतला आणि पाटी बदलली. नवा शब्द वर मोठ्या अक्षरात, जुना त्याच्याखाली बारीक. पाटी झकास जमली. घोडं अडलं ते पुढे.

दुकानाचा माणूस आतल्या खोलीत मशीन जोडून, काहीतरी टकटक करून, सोपं असतं म्हणून निघून गेला. मास्तरांनी दार लावून घेतलं, माऊसवर हात ठेवला आणि असा काही सरकवला की पडद्यावरचा बाण सुसाट कोपऱ्यात गेला आणि दिसेनासा झाला. मास्तर थिजले. त्यांनी पडद्याच्या मागे बघितलं. हसू नका, घाबरलेला माणूस कुठेही बघतो. त्यांनी टेबलाखालीही बघितलं. मग मन घट्ट करून बटण दाबलं, तर एक चौकोन उघडला आणि त्यात मशीनने काहीतरी विचारलं. जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारून घाम फोडणारा हा माणूस. त्याला एका डब्याने प्रश्न विचारला. मास्तरांनी भिंतीतली पिन ओढली, मशीनवर अभ्रा घातला, आतल्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली शर्टाच्या वरच्या खिशात टाकली. त्यानंतर कितीतरी दिवस ती किल्ली त्या खिशातून निघाली ती फक्त शर्ट धुवायला टाकताना.

पण पाटी वर लागली होती आणि पाटी बघून माणसं आली. दोन-चारच, पण आली. रंगाच्या दुकानाचा मालक आला, कारण त्याचा मुलगा त्याला गल्ल्याजवळ बसू देईना. ब्युटी पार्लरवाली आली. बँकेतून निवृत्त झालेला कॅशियर आला. त्याला घरात कुणी बोलायला नव्हतं. ही सगळी मंडळी समोर बसल्यावर मास्तरांना सुचलं ते एखाद्या मंत्र्याला सुचावं असं होतं. ते म्हणाले, मशीनला एकदम हात लावणं हा अडाणीपणा आहे. आधी पाया.

पाया सुताराने घातला. त्याच्याकडे जुन्या पलंगाच्या पायांचे तुकडे पडले होते, ते त्याने मुठीत मावतील असे तासून दिले. वर एक खाच मारली, म्हणजे डावं आणि उजवं अशी दोन बटणं झाली. ती दबत नसत, म्हणून दाबताना तोंडाने 'टक' म्हणायचं. वायरीच्या जागी सुतळी. ही सुतळी कुठल्या टोकाला ठोकू, असं सुताराने विचारलं. मास्तरांनी डोळे मिटून विचार केला. दुकानाच्या माणसाने वायर पुढच्या बाजूला ठेवली होती खरी, पण तो घाईत होता. इस्त्रीची वायर कुठून येते? मनगटाकडून. मग हीही मनगटाकडूनच येणार, नाहीतर माणूस काम करताना तिच्यात गुंतणार नाही का? मास्तरांनी ठामपणे मनगटाकडची बाजू दाखवली. सुताराने खिळा ठोकला. ज्याला माहीत नाही तो विचारतो, आणि ज्याला माहीत नाही तोच सांगतो. आपल्याकडे बरीचशी कामं अशीच उरकतात.

शिकवणं मात्र मास्तरांनी जीव ओतून केलं, त्यात खोट काढता येणार नाही. हात माऊसवर, हातावर रुमाल, नजर समोरच्या भिंतीवर. टायपिंगच्या मशीनवर ओळ संपत आली की घंटी वाजते आणि गाडा परत मूळ जागी ढकलून पुढच्या ओळीला लागतात, तसंच इथे. टेबलाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत सरळ रेषेत यायचं, कड आली की 'टिंग' म्हणायचं, परत डावीकडे, थोडं खाली, पुन्हा सुरू. मध्येच तिरकं जाणं म्हणजे बेशिस्त. संध्याकाळी क्लासच्या खिडकीखाली उभं राहिलं तर वरून चार-पाच मोठ्या माणसांचं टिंग, टिंग, टक ऐकू यायचं. खालचा सायकलवाला पंक्चर काढताना त्या तालावर मान हलवायचा.

रंगवाल्याने एकदा भीत भीत विचारलं की खरं मशीन कधी दाखवणार. मास्तर त्याच्याकडे असे बघत राहिले की बिचाऱ्याने पुन्हा रुमाल हातावर ओढला.

या मंडळींचं एक वेळ सोडून द्या. त्यांचं कुणाचं काही अडलेलं नव्हतं. अडलं होतं ते ताईचं.

ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीत ती इतकी वर्षं बसत होती की खिडकी आधी बांधली की ताई आधी बसली, असा प्रश्न पडावा. आलेल्याचं नाव लिहायचं, जुना कागद शोधून द्यायचा, कुठल्या खोलीत जायचं ते सांगायचं. पण ती तेवढ्यावर थांबते थोडीच. कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा खोकला अजून हटत नाही, कोण औषध घेऊन घरी कोनाड्यात ठेवून देतो, सगळं तिला पाठ. रडत आलेली बाई त्या खिडकीशी दोन घटका थांबून डोळे पुसून पुढे जायची. ताईलाही ते लागायचं. सुट्टीच्या दिवशी ती घरात पिंजऱ्यात कोंडल्यासारखी फिरायची.

आता त्या खिडकीत कॉम्प्युटर बसणार होता. दवाखान्याच्या अधीक्षकबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं: माऊस चालवून यादीतलं नाव उघडून दाखवा आणि खिडकी ठेवा. नाही जमलं तर तळघरात चादरी मोजायचं काम आहे, पगार तोच. पगार तोच, हे बाई फार मोठ्या मनाने म्हणाल्या. तळघरात खिडकी नव्हती. दमेकरी ताईला तिथे दिवसभर कापसाची धूळ मिळणार होती आणि बोलायला चादरी.

शेजारच्या खिडकीतली मुलगी तिला म्हणाली होती, मावशी, मी शिकवते, जेवणाच्या सुट्टीत बसू, चार दिवसांत येईल. ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, अगं, माझ्या घरात मास्तर असताना मी दुसरीकडे कशाला जाऊ?

हे मास्तर म्हणजे तिचा बाळ्या. आई गेल्यावर वडिलांना दोघांपैकी एकालाच पुढे शिकवणं झेपणार होतं. टायपिंगला ताईचं नाव घातलेलं होतं. ताईने स्वतः जाऊन ते खोडलं, तिथे बाळ्याचं नाव लिहून आली, आणि ती दवाखान्यात लागली. याबद्दल ती पुढे जन्मात एक चकार शब्द बोलली नाही, आणि मास्तरही बोलले नाहीत. त्यांना मात्र बोलायला हरकत नव्हती.

क्लासात ती त्यांना अहो-जाहो करायची. घरी 'बाळ्या, जेवलास का' आणि क्लासात 'मास्तर, बघता का जरा'. पहिल्या बाकावर बसायची, रुमाल स्वतःचा आणायची, इस्त्री केलेला. हात जरा जड होता, पण सराव दांडगा. घरी जेवतानासुद्धा ताटाची कड आली की टिंग म्हणते, अशी भाऊजींची तक्रार होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी तिने सहज विचारलं की उद्या खरा माऊस असेल, त्याच्यात आणि ह्याच्यात काही फरक असतो का. मास्तर म्हणाले, छे, लाकडाचं प्लास्टिक झालं एवढंच. म्हणाले खरे, पण ती गेल्यावर त्यांना राहवेना. त्यांनी जिन्याचं दार लावलं, खिशातली किल्ली काढली आणि आतली खोली उघडली.

अभ्रा काढला, पिन लावली. मशीन घरघरलं आणि पडद्यावर बाण आला. मास्तरांनी माऊस आपल्या पद्धतीने फिरवून घेतला, वायर मनगटाकडे, आणि उजवीकडे सरकवला. बाण डावीकडे गेला. त्यांनी माऊस अंगाकडे ओढला. बाण वर चढला. खोटं कशाला सांगू, मास्तरांना आनंद झाला. मशीनच बिघडलेलं होतं! इतके दिवस उगाच आपण मनाला लावून घेतलं. मोठ्या समाधानाने ते माऊस उचलून ठेवायला गेले, वायर टेबलाच्या कोपऱ्यात अडकली, माऊस हातातल्या हातात गर्रकन फिरला आणि वायर पुढे गेली. हात जरा उजवीकडे झाला, आणि बाण गुणी बाळासारखा त्याच्याबरोबर उजवीकडे आला.

मास्तरांनी पुन्हा करून बघितलं. मग वर. मग खाली. मग तिरकं. बाण जिथे हात तिथे. ओळीओळीने जायची गरज नव्हती, टिंग म्हणायची गरज नव्हती, आणि भिंतीकडे बघून तर काहीच दिसणार नव्हतं. बघायचं ते पडद्याकडे. पार्लरवालीच्या शेंबड्या पोरालाही जे पहिल्या दिवशी कळलं असतं, ते मास्तरांना त्या दुपारी कळलं. दुकानाचा माणूस घाईत नव्हता.

तसेच ते ताईच्या घरी निघाले. वाटेत त्यांनी वाक्य जुळवलं. ताई, वायर पुढे ठेव आणि पडद्याकडे बघ. बस्स, एवढंच. तिला घेऊन क्लासात यायचं, खऱ्या मशीनसमोर बसवायचं, संध्याकाळपर्यंत तिला जमलं असतं. तिच्या हाताची चिकाटी त्यांना माहीत होती. पण ताईचं घर जसजसं जवळ येऊ लागलं तसतसं त्या वाक्याला शेपूट फुटू लागलं. ताई विचारणार, मग आजवर उलटं का शिकवलंस? रंगवाला विचारणार. कॅशियर तर बँकेतला, तो सगळ्या गावाला हिशेब देणार. काचेच्या दारामागची पोरं खुर्चीतून खाली पडेपर्यंत हसणार.

ताई जेवणाच्या टेबलाशीच बसली होती. हातावर रुमाल, नजर भिंतीवर, ओळीमागून ओळ. भाऊजी पेपरात तोंड घालून बसले होते. तिने भावाला बसवलं, चहा ठेवला आणि सांगितलं की ती शेजारची मुलगी आज पुन्हा मागे लागली होती.

"मी तिला म्हटलं, बाई गं, तुझं मन मोठं आहे. पण माझ्या भावाने आयुष्यात कुणाला चुकीचं शिकवलेलं नाही," ताई म्हणाली. "बघ ना बाळ्या, रेष सरळ येते का?"

मास्तरांच्या जिभेवर वाक्य आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि त्याबरोबर ते गिळलं.

"छान येते," मास्तर म्हणाले.

रात्र त्यांनी कशी काढली ते विचारू नका. सकाळी उठून जाऊन सांगू असं ठरवलं. सकाळी वाटलं, दवाखान्याच्या दारात सांगू. दारात भाऊजी बरोबर होते. भाऊजींसमोर कसं सांगणार? माणसाला सांगायचं नसलं की भाऊजी कुठून तरी येतातच.

परीक्षा त्याच खिडकीच्या आत होती. टेबलावर मशीन, बाजूला अधीक्षकबाई, मागे ती शेजारची मुलगी. आमचे मास्तर सोबत उभे राहिले तर चालेल का, असं ताईने विचारलं आणि बाईंनी मान हलवली. ताईने नवी साडी नेसली होती. ती खुर्चीत बसली, पदर खोचला, माऊस उचलून फिरवला आणि वायर नीट मनगटाकडे घेतली. वर इस्त्रीचा रुमाल टाकला.

मुलगी पटकन पुढे झाली आणि माऊस सरळ करायला गेली. ताईने तिचा हात हळूच बाजूला केला. "राहू दे गं. आमच्या मास्तरांची पद्धत वेगळी आहे."

मुलीने मास्तरांकडे बघितलं. हीच ती वेळ होती. तोंडाने बोलायचीही गरज नव्हती, नुसती मान हलवली असती तरी ती समजली असती. मास्तरांनी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघायला घेतलं. ते त्यांनी असं बघितलं जसं उद्या त्यावर त्यांची तोंडी परीक्षा आहे.

ताईने नजर भिंतीवर लावली आणि माऊस डावीकडून उजवीकडे नेला. बाण उजवीकडून डावीकडे आला. "टिंग," ताई पुटपुटली. थोडं खाली. बाण थोडा वर. यादीतलं नाव खाली होतं आणि बाण वरच्या काठाला डोकं आपटत होता. टिंग. टिंग. खिडकीबाहेर रांग थांबली होती, तिच्यातला एक जण फिसकन हसला. हे लोक तिच्या ओळखीचे होते. त्यांच्या घरचे खोकले तिला पाठ होते. ताईने शेवटी भिंतीवरची नजर काढून पडद्याकडे बघितलं, आणि हात उजवीकडे जात असताना बाण डावीकडे पळताना तिला दिसला. तिने हात थांबवला. पुन्हा सरकवला. पुन्हा तेच. तिच्या कपाळावर घाम आला आणि ती दोन्ही हातांनी माऊस धरून बसली, जसं काही तो कुणीतरी ओढून नेतंय.

अधीक्षकबाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी वाट बघितली, मग विचारलं की हे कुणी शिकवलं. ताईने मास्तरांकडे हात केला. अजूनही त्या हातात अभिमान होता.

"तुम्ही हे असं शिकवता?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी घसा साफ केला. बाहेरची रांग, भाऊजी, मुलगी, सगळे त्यांच्याकडे बघत होते. आणि त्या माणसाने, ज्याचं नाव कुणीतरी स्वतःचं खोडून लिहिलं होतं, सावकाश आणि स्पष्ट शब्दांत सांगितलं:

"पद्धत बरोबर आहे. हिचा सराव कमी पडला."

ताईने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. मास्तरांना वाटलं, आता ही बोलणार. हिच्या ताटाच्या कडेला टिंग वाजते हे भाऊजींना माहीत आहे, ही आता सांगणार. त्यांना तर वाटलं, तिने बोलावंच, एकदाचं तोंडावर आपटावं आणि सुटावं. ताई क्षणभर विचारात पडल्यासारखी दिसली. मग तिने रुमाल उचलून त्याची घडी घातली.

"हो बाई," ती अधीक्षकबाईंना म्हणाली, "त्यांचं काही नाही. माझाच हात जड आहे."

तिने ते मोठेपणाने म्हटलं असतं, भावाला वाचवायला म्हटलं असतं, तरी मास्तरांना एक वेळ झेपलं असतं. पण तिला ते खरंच तसं वाटलं होतं. तिच्या चेहऱ्यावर ते लख्ख दिसत होतं.

त्या दिवसापासून ती तळघरात जाऊ लागली. खिडकीत शेजारची मुलगी बसू लागली. ती चटपटीत होती, रांग भराभर पुढे सरकायची, कुणी रडत थांबायचं नाही. लोक म्हणाले, बरं झालं, वेळ वाचतो.

आठवड्याभरात क्लासात कुजबुज सुरू झाली. रंगवाल्याच्या कानावर सगळं आलं होतं. त्याने लाकडी माऊस उलटसुलट करून बघितला आणि पहिल्यांदाच जरा आवाज चढवून विचारलं की मास्तर, तुमच्या सख्ख्या बहिणीलाच जर जमलं नाही, तर आमचं काय, आणि ते आतलं मशीन एकदा उघडून दाखवायला तुमचं काय जातंय? पार्लरवालीने मान हलवली. कॅशियर चष्मा पुसायला लागला. मास्तरांचा हात आपोआप खिशावर गेला. किल्ली छातीला टोचत होती. त्यांना एकदम फार थकल्यासारखं वाटलं. काढावी, उघडावं दार, सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं. त्यांनी खिशात दोन बोटं घातलीदेखील.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. ताई आली. केसांत, भुवयांवर कापसाची बारीक पांढरी धूळ, आणि जिना चढून लागलेली धाप. ती दारातच उभी राहून श्वास सावरत होती, म्हणून रंगवाल्याचं शेवटचं बोलणं तिने नीट ऐकलं. आपल्या पहिल्या बाकावर बसली, पिशवीतून लाकडी माऊस काढला, धुऊन पुसून स्वच्छ केलेला, आणि मग मागे वळून सगळ्यांना म्हणाली:

"मास्तरांना काही बोलू नका. मी घाई केली. पाया कच्चा होता माझा. मी पहिल्या धड्यापासून पुन्हा बसणार आहे." आणि पुढे बघून, "मास्तर, चालेल ना?"

तिने हातावर रुमाल टाकला. सुतळी मनगटाकडे घेतली. नजर भिंतीला लावली आणि वाट बघत राहिली. तिचं बघून पार्लरवालीने नजर लावली, मग कॅशियरने. रंगवाला जरा घुटमळला, पण जिची नोकरीची खिडकी गेली तीच बाई म्हणतेय तर आपण कोण, असं त्याला वाटलं असणार. त्यानेही रुमाल ओढला. खोलीत आता सगळे भिंतीकडे बघत होते. मास्तरांकडे कुणीच बघत नव्हतं.

मास्तरांनी खिशातली बोटं बाहेर काढली. ती रिकामी होती.

"मनगट वर," मास्तर म्हणाले.

ताईने मनगट वर घेतलं. खोकला आला तो तिने दाबला, हात टेबलाच्या डाव्या कडेपासून निघाला, सरळ, अजिबात न हलता, उजव्या कडेपर्यंत गेला.

"टिंग," ताई म्हणाली.